वाघ-शेळीच्या पटात प्रोजेक्टचा विषय सापडेल का?

मलप्रभाकाठ
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. गणित, शेवटचं वर्ष. गाव खानापूर तालुक्यात, रोज बसने बेळगावला ये-जा. प्रोजेक्टला ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचं गणित) घ्यायची हे पक्कं आहे, पण गाईड म्हणतात लेबलिंग कर. म्हणजे एखादा ग्राफ घ्यायचा, त्याच्या बिंदूंना आकडे द्यायचे आणि अमुक अट पाळली जाते असं दाखवायचं. मागच्या तीन बॅचनी तेच केलंय. मी म्हटलं खेळांवर काहीतरी करतो, तर म्हणाले, "खेळायचं असेल तर ग्राउंडवर जा."

मागच्या रविवारी गावात देवळाच्या पायरीवर बसलो होतो. तिथं दगडात वाघ-शेळीचा पट कोरलेला आहे, घासून घासून अर्ध्या रेषा गेल्यात. पाच बाय पाच ठिपके, आडव्या-उभ्या रेषा आणि प्रत्येक चौकोनात एक तिरकी, कोपऱ्यातून निघणारी, शेजारच्या चौकोनात उलट दिशेची. बघता बघता डोक्यात आलं, हा ग्राफच की! २५ बिंदू, ६० कडा. चार वाघ, वीस शेळ्या. वाघ रेषेवरून एक घर सरकतो, नाहीतर शेजारच्या शेळीवरून सरळ उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात बसतो आणि तिला खातो. शेळ्यांनी सगळ्या वाघांना कोंडलं की शेळ्या जिंकल्या.

यातून काही विषय निघेल का, की गाईड म्हणतात तेच खरं? मंगळवारी शीर्षक द्यायचं आहे.

बिनधास्त_बेळगावी
शनिवार, रात्री ९.५२

गाईड बरोबर बोललेत मर्दा. तू शेळ्या मोजत बसलास तर नेट-सेट कोण काढणार?
पटाचा फोटो टाक पण.

जुना_खडू
शनिवार, रात्री १०.१५

शहापुरात पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे सवयीने आधी चूक दाखवतो. कडा ६० नाहीत, ५६ आहेत. आडव्या पाच रेषा, प्रत्येकीचे चार तुकडे, झाले २०. उभ्या तेवढ्याच, ४०. चौकोन १६, प्रत्येकात एकच तिरकी, १६. एकूण ५६.

पडताळा असा घ्यायचा. कोपऱ्यांतल्या चार घरांतून तीन-तीन रेषा निघतात. काठावरच्या मधल्या चार घरांतून पाच-पाच, काठावरच्या उरलेल्या आठ घरांतून तीन-तीन. आत नऊ घरं, त्यातल्या पाचांतून आठ-आठ आणि चारांतून चार-चार. १२ + २० + २४ + ४० + १६ = ११२. प्रत्येक रेषा दोन टोकांना मोजली गेली, म्हणून निम्मे ५६. हा हिशेब जमला नाही तर पुढं जाऊ नये.

आता बाळा, याच हिशेबात एक गंमत पडली आहे, ती तूच काढ. खडू न उचलता आणि कुठलीही रेषा दोनदा न गिरवता हा पट फरशीवर काढायचा आहे. किती वेळा खडू उचलावा लागेल? १७३६ साली ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं ज्या युक्तीने सोडवलं तीच इथं लागते.

निपाणीकर_पुण्यात
शनिवार, रात्री ११.०५

मुद्द्याचं बोलू का? हा खेळ सुटलेला आहे. नेपाळात याला बाघ-चाल म्हणतात, तोच पट, तेच चार वाघ, वीस शेळ्या. लिम आणि नीवरगेल्ट या दोघांनी संगणकावर सगळं पिंजून दाखवलं की दोन्ही बाजू न चुकता खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो. नवकंकरीचं पण तसंच, २४ घरांचा पट, १९९३ साली राल्फ गासरने सोडवला, तोही बरोबरीत. त्यामुळे 'कोण जिंकतो' हा प्रश्न घेऊन गेलास तर परीक्षक पहिल्याच मिनिटाला घरी पाठवेल.

मी दिवसभर कोडच लिहितो. माझं मत विचारशील तर असल्या खेळात प्रोग्राम लिहायचा, सगळ्या स्थिती तपासायच्या, उत्तर छापायचं. प्रमेय-बिमेय कशाला?

धारवाड_पॅसेंजर
रविवार, सकाळी ७.२०

गाडीतून लिहितेय, रेंज जाते-येते, म्हणून तुकड्यातुकड्यांत.

निपाणीकर, तुम्ही म्हणता ते एका पटापुरतं खरं आहे. पाच बाय पाचचं उत्तर मिळालं म्हणून सात बाय सातचं मिळत नाही. नऊ बाय नऊला तर संगणक हात टेकेल. गणितात प्रश्न असा विचारायचा की उत्तर सगळ्या पटांना एकदम लागू पडेल. आणि 'कोण जिंकतो' हा एकच प्रश्न असतो असं थोडंच आहे?

मलप्रभाकाठ, तुझ्यासाठी दोन दिशा सांगते. पहिली पोलीस-चोर. ग्राफच्या एका घरात पोलीस आधी बसतो, मग चोर आपली जागा निवडतो. दोघं आळीपाळीने रेषेवरून एक घर सरकतात, नाहीतर जागेवर थांबतात. दोघांनाही एकमेकांची जागा दिसते. पोलीस चोराच्या घरात पोचला की खेळ संपला. प्रश्न एवढाच की एक पोलीस पुरेल का, की जास्त लागतील?

तुझ्या पटावर एकच पुरतो. घरांना डावीकडून उजवीकडे ओळीने १ ते २५ आकडे दे, म्हणजे वरची ओळ १ ते ५, दुसरी ६ ते १० अशी. घर १ चे शेजारी २, ६ आणि ७. घर ७ या सगळ्यांना जोडलेलं आहे. म्हणजे चोर १ मध्ये असताना पोलीस ७ वर आला की चोर कुठंही सरकू दे, सापडलाच. असं घर पटावरून पुसून टाकलं तरी निकाल बदलत नाही. चारही कोपरे पूस. आता २ ला उरले ३ आणि ७, दोन्ही ७ च्या ताब्यात. म्हणून २ पण पूस, आणि काठावरची तशी आठही घरं गेली. मग ३ चे उरलेले शेजारी ७, ८, ९. ते सगळे ८ च्या ताब्यात. ३ आणि त्याचे तीन जोडीदार गेले. राहिला मधला तीन बाय तीनचा तुकडा, आणि त्यात १३ नंबरचं घर बाकी आठही घरांना जोडलेलं. कांदा सोलल्यासारखा ग्राफ शेवटी एका घरावर आला की एक पोलीस पुरतो, आणि नाही आला तर एकट्या पोलिसाला चोर सापडत नाही. हे १९८३ साली नोवाकोव्स्की आणि विंकलर यांनी छापलं. फ्रान्समध्ये किलियोनेही तेच स्वतंत्रपणे काढलं होतं.

आता तिरक्या रेषा पुसून बघ. कोपऱ्याला दोन शेजारी उरतात, आणि कोपऱ्यासकट त्या दोघांना ताब्यात ठेवणारं दुसरं एकही घर उरत नाही. सोलायला साल नाही, आणि दोन पोलीस लागतात. चोर एका चौकोनात राहतो, पोलीस जवळ आला की पोलिसाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात सरकतो.

दुसरी दिशा स्टेशन आल्यावर.

बिनधास्त_बेळगावी
रविवार, सकाळी ८.०१

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली धरून बेळगावला किती पोलीस लागतील ते सांगा ताई. गणपतीत उपयोगी पडेल.

धारवाड_पॅसेंजर
रविवार, सकाळी ८.३०

थट्टा करताय, पण याला उत्तर आहे. रेषा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येईल असा कुठलाही ग्राफ असो, तीन पोलीस पुरतात. १९८४, आयग्नर आणि फ्रॉमे. गल्ल्या कितीही असोत, तीनच. फक्त उड्डाणपूल झाला आणि त्याच्याखालून आडवा रस्ता गेला की ती हमी गेली.

बिनधास्त_बेळगावी
रविवार, सकाळी ८.३४

म्हणजे पूल झाल्यापासून चोर का सापडेनात ते आज कळालं.

निपाणीकर_पुण्यात
रविवार, सकाळी ९.१०

@धारवाड_पॅसेंजर, मान्य. मग यात न सुटलेलं काय आहे? सगळं १९८३-८४ मध्येच संपलेलं दिसतंय.

धारवाड_पॅसेंजर
रविवार, सकाळी ९.४५

सपाट नसलेल्या ग्राफचं काय, हा प्रश्न तसाच पडून आहे. १९८५ पासून मेनिएलचं अनुमान आहे की पोलिसांची संख्या घरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या काही ठरावीक पटीत बसते. १०,००० घरं असतील तर १०० ची काही पट. सिद्ध झालेलं नाही. त्याहून किती तरी ढिली मर्यादा, म्हणजे घरांच्या संख्येचा ०.९९ वा घात, तीसुद्धा अजून कुणाला सिद्ध करता आलेली नाही. एम.एस्सी.च्या पोराने त्याच्या वाटेला जाऊ नये हे खरं. पण एखाद्या खास पटाचं उत्तर काढणं, सोलून दाखवणं, किती चालींत चोर सापडतो ते मोजणं, एवढं हातातलं आहे.

दुसरी दिशा पहाऱ्याची. इंग्रजीत डॉमिनेशन. पटावर पहारेकरी असे बसवायचे की प्रत्येक घरात पहारेकरी असेल नाहीतर शेजारच्या घरात तरी असेल. कमीत कमी किती? बुद्धिबळात हे फार जुनं आहे, आठ बाय आठचा पूर्ण पट नजरेत ठेवायला पाच वजीर लागतात. तुझ्या पटावर ७, ९, १७, १९ या चार घरांत बसव, सगळी २५ घरं झाकली. तीन का पुरत नाहीत? कारण प्रत्येक कोपऱ्याला स्वतःच्या चार घरांच्या तुकड्यातलाच एक पहारेकरी लागतो, आणि ते चार तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत.

आता अट घाल की पहारेकरी एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे हाक मारत मारत निरोप सगळीकडे पोचला पाहिजे. ते चार सुटे पडलेत, मधे १३ वर पाचवा बसवला की जोडले गेले. चारात जमणारच नाही, कारण वेगवेगळ्या तुकड्यांतली घरं शेजारी नाहीत. उत्तर पाच. ही 'जोडलेल्या पहाऱ्याची' कल्पना कुणी मांडली माहितेय? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या ई. संपतकुमार आणि एच. बी. वालीकर यांनी, १९७९ साली. आज जगभर वायरलेस नेटवर्कवाले ती वापरतात. तुझ्या गाईडना हे सांग. ग्राउंडवर जायला सांगणारे आपल्याच शेजारच्या गावचं काम विसरले.

जुना_खडू
रविवार, सकाळी १०.२०

धारवाडच्या बाई, दंडवत. पण गाईडवर एवढं घसरू नका. लेबलिंगमध्येसुद्धा १९६७ पासूनचा रोसाचा प्रश्न आहे, की प्रत्येक झाडाच्या (म्हणजे कुठंही फेरा न होणाऱ्या जोडलेल्या ग्राफच्या) बिंदूंना ० पासून कडांच्या संख्येपर्यंतचे वेगवेगळे आकडे असे देता येतात का की कडांवरच्या वजाबाक्या सगळ्या वेगळ्या येतील. अजून सुटलेला नाही. दोष विषयात नाही, मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट उघडून नाव बदलण्यात आहे.

मलप्रभाकाठ
रविवार, दुपारी १.१५

एवढं सगळं वाचून चक्रावलो. धन्यवाद सगळ्यांना.

सर, खडूचं कोडं सुटलं. ज्या घरातून विषम रेषा निघतात तिथं खडू सुरू तरी होतो नाहीतर थांबतो तरी. काठावरची सगळी घरं विषम आहेत, कोपरे ३, बाकी ३ किंवा ५. आतली सगळी सम. काठावर १६ घरं, एका ओढीला दोन टोकं, म्हणून ८ ओढी. सात वेळा खडू उचलायचा. आणि पट मोठा केला तरी हेच राहतं, सात बाय सातला काठावर २४ घरं, १२ ओढी. एका झटक्यात सगळ्या विषम मापांच्या पटांचं उत्तर आलं!

आता वाघ कोंडण्याबद्दल एक डोक्यात आलंय. एकच वाघ आहे असं धरा. त्याला कोंडायला किती शेळ्या? शेजारच्या सगळ्या घरांत शेळ्या हव्यात, आणि त्यांच्यावरून उडी मारून जिथं पोचेल तीही घरं भरलेली हवीत. वाघ मधे १३ वर असेल तर ८ शेजारी अधिक ८ पलीकडची, १६ शेळ्या. कोपऱ्यात १ वर असेल तर २, ६, ७ आणि त्यांच्या पलीकडची ३, ११, १३, म्हणजे सहाच. तर वाघाला कोपऱ्यात रेटायचं, एवढीच युक्ती. बरोबर?

येळ्ळूरची_मावशी
रविवार, दुपारी ३.३०

मी इथं पाककृती बघायला येते, हे दिसलं म्हणून लिहाले. कोपऱ्यात न्हवं रे बाळा. कोपऱ्याच्या शेजारी. आमची आजी सांगायची, वाघ कोपऱ्यात असला की त्याला तिरकी वाट असते. कोपऱ्याच्या बाजूच्या घरातनं तिरकी न्हाईच. तिथं आला की सोडू नको म्हणायची. आम्ही चिंचोक्यांच्या शेळ्या आणि कवड्यांचे वाघ करून खेळायचो. सगळा पावसाळा ह्यातच जायचा, शेतात काय काम नसलं की. पट फरशीवर कोळशानं काढायचा आणि सकाळी आई ओरडायची.

आणि कोपऱ्यातल्या शेळीला वाघ खाऊ शकत न्हाई, हे पण लिहून घे. पहिल्या चार शेळ्या तिथंच लावायच्या.

निपाणीकर_पुण्यात
रविवार, दुपारी ३.४८

मावशी शंभर टक्के बरोबर. घर २ चे शेजारी १, ३, ७. एक कोपराच आहे, त्याच्या पलीकडे पटच संपला. ३ च्या पलीकडे ४, ७ च्या पलीकडे १२. म्हणजे १, ३, ७, ४, १२. पाच शेळ्या. कोपऱ्याहून एक कमी.

आणि कोपऱ्यातल्या शेळीचंही खरं आहे. एका ओळीत लागून असलेली तीन घरं हवीत तेव्हा उडी होते, आणि कोपरा कुठल्याच अशा त्रिकुटाच्या मधे येत नाही. अख्ख्या पटावर अशी त्रिकुटं ४० आहेत, आत्ता मोजली. आडवी १५, उभी १५, तिरकी १०.

मलप्रभाकाठ
रविवार, दुपारी ४.०५

मावशी, पाया पडतो. मी सकाळपासून वही भरवतोय आणि तुम्ही एका वाक्यात खोडलंत.

येळ्ळूरची_मावशी
रविवार, दुपारी ४.२०

पाया कशाला पडतोस, शीर्षक दे आधी.

सह्याद्रीपलीकडे
रविवार, सायंकाळी ५.५०

धाग्यात खेळ आणि नकाशे आलेच आहेत तर विचारतो. नकाशा रंगवायला चार रंग पुरतात म्हणे. मग आपल्या सीमेवरच्या ८६५ गावांना कुठला रंग द्यायचा ते ग्राफ थिअरीवाल्यांनी एकदाचं सांगून टाकावं.

संपादक
रविवार, सायंकाळी ६.०२

सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, भरपूर आहेत. इथे गणितच चालू द्या. यापुढचे तसले प्रतिसाद उडवले जातील.

धारवाड_पॅसेंजर
रविवार, रात्री ८.१५

संपादक, गणितातलाच प्रतिसाद आहे, उडवू नका. चार रंगांचं प्रमेय १९७६ साली अॅपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. पण त्याचा खेळ केला की मजा येते. दोघे आळीपाळीने एकेक प्रदेश रंगवतात, शेजारच्याला तोच रंग चालत नाही. एकाला नकाशा पुरा करायचा आहे, दुसऱ्याला तो अडवायचा आहे. पुरा करणाऱ्याची हमखास सरशी व्हायला किती रंग हातात हवेत?

चार तर नाहीच. कुठलाही नकाशा असो, १७ रंग पुरतात हे झू यांनी २००८ मध्ये दाखवलं. आणि ज्याला सातही पुरत नाहीत असे नकाशे आहेत, हे कीर्स्टेड आणि ट्रॉटर यांनी त्याआधीच, १९९४ मध्ये. म्हणजे खरं उत्तर ८ ते १७ च्या मधे कुठंतरी आहे. नेमकं कुठं, ते अजून उघडं आहे.

बिनधास्त_बेळगावी
रविवार, रात्री ८.२१

एकाला पुरा करायचा आहे, दुसऱ्याला अडवायचा आहे, आणि उत्तर कुठंतरी मधे लोंबकळतंय. ताई, हा खेळ आम्ही लहानपणापासून बघालोय.

संपादक
रविवार, रात्री ८.२५

हा शेवटचा. (हसू आलं म्हणून ठेवला.)

जुना_खडू
रविवार, रात्री ९.००

निपाणीकरांच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहून गेलं. प्रमेय-बिमेय कशाला, असं म्हणालात. पोराचं खडूचं उत्तर बघा. पाच बाय पाचला ८ ओढी हे तुमचा प्रोग्रामही सांगेल. पण काठावरची घरं विषम आणि आतली सम हे एकदा दिसलं की एकशेएक बाय एकशेएकचा विचारच करायला लागत नाही. आता प्रोग्राम लिहू नका असं मी म्हणणार नाही. आधी वहीत चार पट काढा, हातानं मोजा, काय होईल ते बोलून दाखवा, मग यंत्राला विचारा. उलट क्रमाने केलं की उत्तर हातात येतं आणि प्रश्न निसटतो. शाळेत मी पाढ्यांचं हेच सांगायचो, तेव्हाही कुणी ऐकत नव्हतं.

मलप्रभाकाठ, शीर्षकात वाघ, शेळी असले शब्द घालू नकोस. 'चौकट ग्राफवरील कोंडी-संख्या' असं काहीतरी गंभीर घाल. आत वाघ सोड.

निपाणीकर_पुण्यात
रविवार, रात्री ९.३०

सर, हे मला लागलं. बरोबर आहे.

मग हातानेच सांगतो. दोन वाघ घेतले. १ आणि २ वर शेजारी-शेजारी बसले तर ३, ४, ६, ७, ११, १२, १३, एवढ्या सात शेळ्यांत दोघं कोंडले. वेगवेगळे कोंडायला सहा आणि पाच म्हणजे अकरा लागल्या असत्या. वाघच एकमेकांची वाट अडवतात. २ आणि ४ वर बसवले तरी सातच, १, ३, ५, ७, ९, १२, १४. सहात मला नाही जमलं.

मलप्रभाकाठ
सोमवार, पहाटे १२.४०

झोप गेली माझी. तीन वाघ १, २, ६ वर बसवले. शेळ्या ३, ४, ७, ८, ११, १२, १३, १६. आठ! तिसऱ्या वाघाला एकच शेळी जास्त. तीन-तीनदा तपासलं.

चार वाघांना मात्र दहा लागताहेत. १, २, ६, ७ असा गठ्ठा केला तरी दहा. वरच्या ओळीत १, २, ४, ५ असे बसवले तरी दहा. मग चिडून पाचवा वाघ घेतला आणि वरची आख्खी ओळ भरली, १ ते ५. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत सगळ्या शेळ्या. त्यालाही दहाच! म्हणजे पाच वाघांना दहा पुरतात, तर चारांना नऊ पुरायला हव्यात असं वाटतं, पण मांडता येत नाही.

जुना_खडू
सोमवार, सकाळी ६.१०

हाच तुझा प्रोजेक्ट. पाच, सात, आठ, मग काय? आणि सात बाय सातच्या पटावर काय? गाईडना एवढं एक पान दाखव. खेळ म्हणू नकोस, सारणी कर.

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री ७.५०

गाईडना दाखवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग पेन काढून स्वतःच वाघ मांडायला लागले. तास बुडाला. शेवटी म्हणाले, "हे असलं लहानपणी आम्ही पण खेळायचो, हुली म्हणायचो वाघाला." शीर्षक मंजूर. नऊ शेळ्यांत त्यांनाही जमलं नाही.

धारवाड_पॅसेंजर
सोमवार, रात्री ८.१०

अभिनंदन! पुढच्या महिन्यात धारवाडला ये, लायब्ररी दाखवते.

निपाणीकर_पुण्यात
सोमवार, रात्री ८.४५

चार वाघ मांडायचे एकूण प्रकार १२,६५०. प्रत्येकाला कुठल्या शेळ्या लागतात ते ठरलेलंच असतं. वीस ओळींचा प्रोग्राम झाला, दोन सेकंदांत उत्तर आलं. इथे टाकू का?

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री ८.४७

नको नको! निदान रविवारपर्यंत थांबा. प्लीज.

येळ्ळूरची_मावशी
सोमवार, रात्री ९.०५

मला पण सांगू नका रे कुणी. चिंचोके मांडलेत.